दर्शनमंडप आणि अधोलोक

1907 साली जळगावात भरलेले पहिले मराठी कविसंमेलन वाङ्मयेतिहासात लक्षात राहिले ते धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे यांना तेथे मिळालेल्या 'बालकवी' या नावामुळे. रेव्हरंड ना. वा. टिळक त्या संमेलनाला उपस्थित होते, हे आपण वर्गात ओघात सांगतो आणि पुढे जातो. टिळकांपाशी थोडे थांबले, तर एक निराळाच प्रश्न समोर येतो : बायबलमधला देव आणि बायबलमधला परलोक मराठीत कोणत्या शब्दांनी आणायचा?

देवाचे सान्निध्य सांगण्यासाठी हिब्रू बायबल बहुधा 'पानीम' हा शब्द वापरते. त्याचा साधा अर्थ मुख. देवापुढे ठेवायची ती शब्दशः 'मुखाची भाकर'. मराठीत ती 'समक्षतेची भाकर' झाली. मूळातल्या 'भेटीच्या तंबू'ला मराठी भाषांतराने 'दर्शनमंडप' म्हटले. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या वाचकाला या एका शब्दाने जे उमगते, ते कोशाने उमगणार नाही. मात्र निर्गमाच्या 33 व्या अध्यायात देव मोशेशी समोरासमोर बोलतो आणि त्याच अध्यायात, माझे मुख पाहून कोणी जिवंत राहत नाही, असेही बजावतो. ही धास्ती आपल्या दर्शनात सहसा नसते. (गीतेचा अकरावा अध्याय वगळून म्हणतो आहोत.)

परलोकाचे प्रकरण अधिक अवघड आहे. जुन्या करारातला 'शेओल', म्हणजे मराठीतला 'अधोलोक', हा नरक नव्हे. सज्जन आणि दुर्जन दोघेही तेथेच जातात. सहाव्या स्तोत्रातली व्यथा यातनेची नाही. तेथे देवाचे स्मरण उरत नाही, याची आहे. 139 वे स्तोत्र मात्र अधोलोकातही देवाला गाठते. मृत पुन्हा उठतील ही स्पष्ट ग्वाही दानीएलाच्या 12 व्या अध्यायात येते आणि त्या ग्रंथाला आजचे रूप इ.स.पू. दुसऱ्या शतकात आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे देवाच्या सान्निध्याची ओढ आधीची, परलोकाची निश्चिती नंतरची. 'प्रकटीकरणा'च्या अखेरीस तर माणसे वर जात नाहीत. नगरच खाली उतरते आणि तेथे त्याचे मुख दिसते.

1616 साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोच योजला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणारे टिळक त्याच वाटेचे. पंडिता रमाबाईंची वाट याच्या उलट. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1922 साली त्या वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली मुक्तिसदनातून बाहेर पडला. संस्कृत शास्त्रपरिभाषेचे ओझे त्यांना नको होते. त्यामागे केवळ भाषाशुद्धीचा आग्रह होता, असे आम्हांला वाटत नाही. पतिभक्तीवाचून स्त्रीला मोक्ष नाही, हे शास्त्रवचन त्यांनी शास्त्रे पढूनच ऐकले होते. 'मोक्ष' हा शब्द त्यांच्या लेखी बंद दारासारखा होता.

आमचा कौल विभागलेला आहे. सान्निध्याच्या बाबतीत टिळक खरे : 'दर्शन' हा शब्द टाकून त्या जागी दुसरा सापडत नाही. परलोकाच्या बाबतीत रमाबाईंची सावधगिरी योग्य. बायबलमध्ये फेरा नाही आणि सुटकाही नाही. एक मरण आहे आणि देहासह उठणे आहे. तरीही उत्तरपत्रिकांत 'पुनरुत्थान' या शब्दाचा अर्थ 'पुनर्जन्म' असा लिहिलेला आम्हांला अजूनही भेटतो.