याद्यांची गाठभेट

बेपत्ता माणसाला इंटरनेटवर शोधणारे स्वयंसेवक आज जे करतात, ते पहिल्या महायुद्धात जिनिव्हातल्या एका कलासंग्रहालयात फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. १९१४ साली रेड क्रॉसने युद्धकैद्यांची माहिती गोळा करणारी कचेरी काढली आणि ती राथ संग्रहालयात थाटली. शिपायाच्या घरून चौकशीचं पत्र आलं की त्याच्या नावाचं एक कार्ड निघे. युद्धात उतरलेल्या देशांकडून कैद्यांच्या आणि मृतांच्या याद्या आल्या की त्यातल्या प्रत्येक नावाचं दुसरं कार्ड. दोन्ही कार्डं वर्णानुक्रमे लागत. एका नावाची दोन कार्डं शेजारी आली की घरच्यांना पत्र जाई. युद्ध संपेपर्यंत अशी सुमारे ७० लाख कार्डं जमली. ती लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँही काही काळ तिथे स्वयंसेवक होता.

यात हेरगिरी कुठेच नव्हती. आई विचारत होती तेही कागदावर होतं, छावणीचा अधिकारी सांगत होता तेही कागदावर होतं. कागद एकमेकांना भेटले नव्हते इतकंच. आज ज्याला ‘ओसिंट’ म्हणतात, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीवरून केलेला तपास, त्याचाही गाभा मला हाच वाटतो. हॅकर, काळा पडदा, त्यावर धावणारी हिरवी अक्षरं हा सगळा सिनेमाचा मालमसाला.

ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नसे त्यांच्यासाठी ब्रिटिश रेड क्रॉसने वेगळी माणसं नेमली होती. हातात बेपत्तांची यादी घेऊन ती इस्पितळात खाटेखाटेला जात आणि जखमींना विचारत: हा तुमच्या तुकडीत होता का, शेवटचा कुठे पाहिलात? कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१५पासून अलेक्झांड्रियात हेच काम करत होता. शेवटचा कुठे, कधी, कुणासोबत दिसला, हे प्रश्न आजही बदललेले नाहीत. आता ते खाटेवरच्या जखमीला नाही, फोटोच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या दुकानाच्या पाटीला विचारले जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या आरोल्सन गावी नाझी राजवटीत छळल्या गेलेल्यांचा जो नामकोश उभा राहिला, त्यात दीड कोटीहून अधिक माणसांची नोंद आहे. तिथे खरा घोळ स्पेलिंगचा होता. नाव पोलिश, लिहिणारा कारकून जर्मन, चौकशी अमेरिकेतून इंग्रजीत. म्हणून कार्डं नावाच्या उच्चारावरून लावावी लागली.

याच सुमाराला आपल्याकडे एक शोध चालला होता आणि त्याचं नाव या वंशावळीत सहसा कुणी घेत नाही. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना शोधून परत पाठवायचं भारत आणि पाकिस्तानने ठरवलं. भारतात त्यासाठी १९४९ साली कायदा झाला. बाईला जायचं आहे की नाही, हा प्रश्न त्या कायद्याला पडलाच नाही. काहींनी तोवर संसार मांडले होते, पदरी मुलं होती. त्यांनाही छावणीत नेलं. रेड क्रॉसची पद्धत वेगळी: सापडलेल्या माणसाची संमती असेल तरच त्याचा पत्ता नातलगांना मिळतो. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाईही पोलिसांच्या दप्तरी ‘मिसिंग’च असते, हे ध्यानात ठेवलं तर या नियमाचं मोल कळतं.

इंटरनेट आलं आणि सामान्य माणसाला याद्या घरबसल्या वाचता येऊ लागल्या. अमेरिकेतल्या टेनेसीचा एक कारखाना कामगार, टॉड मॅथ्यूज, १९६८ साली केंटकीत सापडलेल्या एका अनोळखी मृतदेहाचं नाव वर्षानुवर्षं शोधत होता. १९९८मध्ये त्याला एका बहिणीने टाकलेलं निवेदन दिसलं आणि वर्णन जुळलं. २००५च्या कॅटरिना वादळानंतर डझनभर संकेतस्थळांवर डझनभर याद्या झाल्या. स्वयंसेवकांनी नावं एकेक करून एका जागी आणली. पुढे गूगलने तशी सोय केली, ती २०१३च्या उत्तराखंडच्या पुरातही वापरली गेली.

त्याच २०१३मध्ये बोस्टनला बाँबस्फोट झाला. धूसर छायाचित्रं पाहून हौशी शोधकांनी ठरवलं की स्फोट घडवणारा म्हणजे अमुक एक विद्यार्थी. तो आधीच बेपत्ता होता आणि त्याचे घरचे त्याला इंटरनेटवरच शोधत होते. ज्या पानावर ते मदत मागत होते तिथे शिव्यांचा पाऊस पडला. पुढे त्याचा मृतदेह सापडला. स्फोटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

कॅनडातली ‘ट्रेस लॅब्स’ ही संस्था बेपत्तांच्या शोधाच्या स्पर्धा भरवते. तिचे नियम वाचताना बोस्टन आठवतंच. पोलिसांनी लोकांकडे मदत मागितली असेल तेवढीच प्रकरणं घ्यायची. फक्त पाहायचं, कुणाला मेसेज नाही, फ्रेंड रिक्वेस्ट नाही, पासवर्डशी खेळ नाही. मिळालेलं सगळं पोलिसांकडे द्यायचं. प्रत्येक दुव्याला गुण मिळतात, ते मला खटकतं. पण गुणांमुळे लोक रात्रभर जागून शोधतात, हेही खरं.

या गोष्टीला सगळ्यात अनपेक्षित वळण दिलं ते हरवलेल्यांनीच. भुसावळहून खंडव्याकडे जाताना बऱ्हाणपूर लागतं. १९८६ साली त्या स्टेशनात खंडव्याचा पाच वर्षांचा सरू चुकून गाडीत झोपला आणि कोलकात्याला पोचला; तिथून दत्तक म्हणून टास्मानियाला. मोठेपणी गाडीचा अंदाजे वेग आणि प्रवासाचे तास यांचा गुणाकार करून त्याने कोलकात्याभोवती वर्तुळ आखलं आणि गूगल अर्थवर रूळ धरून रात्री काढल्या. जवळ होतं ते बालपणीचं सामान: स्टेशनाजवळची पाण्याची टाकी, एक पूल, ‘बेरामपूर’ असं काहीसं नाव. २०११मध्ये टाकी दिसली. खंडव्याच्या लोकांच्या फेसबुक गटात विचारून त्याने खात्री केली आणि पुढच्या वर्षी तो आईसमोर उभा राहिला. आई जुन्या वस्तीतून हलली नव्हती.

मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांनी २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची यादी केली होती. त्यांतल्या १६५ सापडल्या. भोसले निवृत्त झाले तरी २०१३च्या जानेवारीत नाहीशी झालेल्या उरलेल्या एकीला शोधत राहिले. ती २०२२च्या ऑगस्टमध्ये सापडली, तिच्या घरापासून फार दूर नाही अशा वस्तीत. तिला शोधलं ते तिनेच. सोबत काम करणाऱ्या बाईने तिच्यासाठी मोबाइलवर शोध घेतला, तेव्हा तिच्याच हरवल्याचा नऊ वर्षांपूर्वीचा फलक समोर आला. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडलेले. पाचवा शेजाऱ्याचा, तो लागला.

तो फलक इंटरनेटवर राहिला हे तिचं नशीब. पण सापडून घरी आलेल्या इतर मुलींचेही फलक तसेच राहतात, नाव, वय, फोटो, शाळा यांसह. ते कुणी उतरवायचे, हे काम आजवर कुणी आपलं मानलेलं दिसत नाही.