ब्रेक पेडल मऊ पडणे

मोटारीचा ब्रेक दाबल्यावर पेडल ठरलेल्या उंचीवर घट्ट न थांबता लवचीक लागणे, नेहमीपेक्षा खोल जाणे किंवा पायाखाली हळूहळू बसत जाणे, या दोषाला ब्रेक पेडल मऊ पडणे म्हणतात. गॅरेजमध्ये त्याची तक्रार ‘ब्रेक खाली जातो’, ‘पंपिंग केल्यावर लागतो’ किंवा ‘एअर धरली’ अशा शब्दांत येते. हा दोष हायड्रॉलिक ब्रेकचा आहे. केबलवर चालणारा हँडब्रेक आणि ट्रक-बसचे हवेवर चालणारे ब्रेक यांचे दोष वेगळे असतात. मऊ पेडल हे एखाद्या भागाचे बिघडणे नसून लक्षण आहे. मऊपणा कोणत्या तऱ्हेचा आहे, हे पायाने नीट ओळखले तर निम्मे निदान गाडी जॅकवर चढवण्याआधीच होते.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात हा दोष अंगावर येण्याजोगी परिस्थिती पुरेपूर आहे. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ तालुक्यातील टेंभुर्णी आणि मोडनिंब येथून जातो. या चौपदरी रस्त्यावरून माढा किंवा कुर्डुवाडीकडे वळले की अरुंद रस्ते, गतिरोधक आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. ब्रेक लागण्यासाठी पेडल दुसऱ्यांदा दाबावे लागले आणि त्यात अर्धा सेकंद गेला, तर गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब देतो. हा दाब पास्कलच्या नियमानुसार नळ्यांतून चारही चाकांपर्यंत सारखा पोहोचतो. आल्टो, वॅगनआर यांसारख्या लहान गाड्यांत आणि बोलेरोसारख्या गाड्यांत बहुधा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढे कॅलिपरमधील पिस्टन पॅडना डिस्कवर आवळतो, मागे व्हील सिलिंडर ब्रेक शू ड्रमवर फाकवतो. जोरात ब्रेक मारताना नळीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास ते शंभर पट असतो, पण पॅडची हालचाल मात्र मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. ऑइल जवळजवळ दबत नाही म्हणूनच एवढ्या थोड्या हालचालीत काम भागते. नळीत हवेचा एखादा बुडबुडा असला तर पायाचा पहिला जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो.

मऊपणाच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिलीत पेडल स्पंजासारखे लागते आणि भराभर तीन-चार वेळा दाबले की वर येऊन घट्ट होते. याचे कारण बहुतेक वेळा हवा हे असते. ऑइलची टाकी रिकामी होईपर्यंत गाडी चालवलेली असते, कॅलिपर किंवा होज पाईप बदलल्यावर हवा नीट काढलेली नसते किंवा कुठेतरी गळती असते. जुना रबरी होज दाबाने फुगत असला तरी पेडल असेच लागते, मात्र पंपिंगने त्यात विशेष फरक पडत नाही. एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने होज मुठीत धरायचा, म्हणजे फुगवटा हाताला कळतो.

दुसऱ्या तऱ्हेत पेडल आधी ठीक लागते, पण पाय तसाच दाबून धरला की सावकाश तळाकडे जाते. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी उभे असताना हे चटकन लक्षात येते. टाकीतील पातळी उतरत असेल तर बाहेर गळती आहे. पातळी कायम असेल तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील झिजले असून ऑइल पिस्टनच्या कडेने मागे परतते आहे. अशा वेळी हवा कितीही काढली तरी उपयोग होत नाही. गॅरेजमध्ये या एका चुकीवर जितके ऑइल वाया जाते तितके क्वचितच दुसऱ्या कशावर जात असेल.

तिसऱ्या तऱ्हेत पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, लगेचच्या दुसऱ्या दाबाला उंच आणि कडक लागते. इथे संशय मागच्या ड्रमवर घ्यावा. शू आणि ड्रम यांतील फट वाढली की व्हील सिलिंडरला शू टेकवण्यासाठीच बरेच ऑइल लागते. फट आपोआप भरून काढणारा अॅडजस्टर धूळ, गंज आणि पावसाळ्यात काळ्या रानातून ड्रममध्ये शिरणाऱ्या चिखलाने जाम होतो. खात्रीची चाचणी सोपी आहे. गाडी उभी करून हँडब्रेक काही दाते ओढावा आणि मग पेडल दाबावे. पेडल लगेच वर आले तर दोष फटीचाच. ड्रम उतरवून साफ करणे, अॅडजस्टर मोकळा करणे आणि लायनर झिजले असल्यास शू बदलणे एवढ्यावर काम भागते. मागचे ब्रेक ठीक असूनही पहिला दाब खोल जात असेल, विशेषतः खडबडीत रस्त्यानंतर, तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे किंवा डिस्क वाकडी फिरते आहे आणि ती पॅडना मागे ढकलते आहे, असे समजून चाक हलवून पाहावे.

यांत न बसणारी एक गोष्ट पुष्कळांना उगाच घाबरवते. इंजिन बंद असताना कडक असलेले पेडल इंजिन चालू होताच थोडे खाली जाते. तो दोष नसून पायाचा जोर वाढवणारा बुस्टर काम करत असल्याची खूण आहे. बुस्टर निकामी झाला तर पेडल मऊ नव्हे, उलट दगडासारखे कडक होते.

गळती शोधताना टाकीपासून सुरुवात करावी. पातळी खाली आली म्हणजे गळती आहेच असे नाही, कारण पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतले ऑइल तिकडे जाते. म्हणून पॅड न पाहता टाकी काठोकाठ भरणे हा सर्वांत वाईट उपाय होय. गळती त्याने झाकली जाते आणि नवे पॅड बसवताना जास्तीचे ऑइल बाहेर सांडते. प्रत्येक टायरची आतली बाजू, होजचे सांधे आणि मागच्या अॅक्सलवरून जाणाऱ्या लोखंडी नळ्या बोटाने तपासाव्यात. व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी उचलली आणि खाली ओल दिसली तर तो बदलायचा. बाहेर कुठेच ओल नसूनही ऑइल कमी होत असेल तर मास्टर सिलिंडर आणि बुस्टर यांच्या जोडावर पाहावे. मागचे सील गेले की ऑइल बुस्टरमध्ये साचते आणि बाहेरून मागमूस लागत नाही.

दोष कोणत्या चाकाशी आहे हे ठरवण्यासाठी होज चिमटण्याची पद्धत आहे. गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने एकेक होज बंद करून पेडल दाबायचे. ज्या होजला क्लॅम्प लावताच पेडल घट्ट होते त्या चाकाशी दोष असतो. सर्व होज बंद करूनही पेडल मऊ राहिले तर मास्टर सिलिंडर किंवा एबीएसचे युनिट पाहावे. साध्या पक्कडीने होज दाबू नये, आतला थर तुटतो. जाळीदार स्टीलचे आवरण असलेल्या होजवर ही चाचणी करायची नसते.

ब्रेक ऑइलची गोष्ट स्वतंत्रपणे लक्षात घ्यावी लागते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल प्रकारची ऑइले हवेतील ओलावा शोषून घेतात. नवे डॉट ३ किमान २०५° से. पर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०° से. पर्यंत. ३.७ टक्के पाणी मिसळले की हेच आकडे अनुक्रमे १४०° आणि १५५° वर येतात. माढ्याचा परिसर सपाट असल्याने असे जुने ऑइल वर्षानुवर्षे खपून जाते. त्याचा खरा कस कोकणात उतरताना, कुंभार्ली किंवा वरंधा घाटात लागतो. सतत ब्रेकवर पाय ठेवल्याने कॅलिपर तापतात, ऑइलमधील पाण्याची वाफ होते आणि काही वेळापूर्वी चांगले असलेले पेडल एकाएकी तळाला जाते. याउलट नुसते पॅड तापून घसरू लागले तर पेडल घट्टच राहते, गाडी मात्र थांबत नाही. घाटात हा फरक कळणे महत्त्वाचे, कारण वाफेने झालेला दोष गाडी गार झाल्यावर नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. बहुतेक उत्पादक सुमारे दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. फळीवर महिनोन्महिने उघडा राहिलेला डबा स्वस्तात मिळाला तरी वापरू नये. डॉट ५ सिलिकॉनचे असून ते इतरांत मिसळत नाही. इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल ब्रेकच्या रबराला लागले तर रबर फुगते. ते चुकून टाकीत गेले तर नळ्या धुऊन सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

हवा काढण्याचे काम दोघांचे. मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे चालकाची बाजू उजवी असल्याने तो क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा होतो. मात्र अनेक लहान गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटे तिरपी, म्हणजे एक पुढचे आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक अशी जोडलेली असतात. तिथे कंपनीच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा. ब्लीडर निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवतात. आत बसलेला पेडल सावकाश दाबून धरतो, बाहेरचा निपल पाऊण फेरा ढिला करतो आणि पेडल सोडण्याआधी पुन्हा आवळतो. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे चालते. दरम्यान टाकी एकदाही रिकामी होऊ देता कामा नये, नाहीतर सारे पहिल्यापासून. काढलेले ऑइल पुन्हा वापरत नाहीत.

हवा काढताना जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबणे धोक्याचे असते. मास्टर सिलिंडरचे सील एरवी न पोहोचणाऱ्या, गंज व गाळ साचलेल्या भागावर घासते आणि चांगला सिलिंडर त्याच दिवशी बिघडतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला तर निपल खालच्या बाजूस येतो आणि वर साठलेली हवा कधीच निघत नाही. कॅलिपर बदलल्यानंतर हवा निघतच नसेल तर आधी हे पाहावे. मास्टर सिलिंडर बदलताना त्यातील हवा बसवण्यापूर्वीच व्हाइसमध्ये धरून काढतात. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर खड्डे पडले असतील तर रबर किट घालणे व्यर्थ आहे, अख्खा सिलिंडरच बदलावा.

एबीएस असलेल्या गाडीत त्या युनिटमध्ये हवा अडकली तर नुसत्या पंपिंगने ती निघत नाही. स्कॅनर जोडून आतला पंप व झडपा चालवाव्या लागतात.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेले तर ते भराभर पंप करावे, गिअर एकेक खाली आणावा आणि हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढावा. एक सर्किट फुटले तरी दुसऱ्यावर दोन चाकांचा ब्रेक उरतो, पण थांबण्याचे अंतर बरेच वाढते. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नये, ओढून न्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे आणि असुरक्षित वाहन रस्त्यावर आणणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० खाली गुन्हा ठरतो.

दुरुस्तीनंतर इंजिन चालू ठेवून पेडल जोराने अर्धा मिनिट दाबून धरतात. ते जागचे हलले नाही आणि सांध्यांवर ओल आली नाही तरच गाडी हलवायची. नवे पॅड बसवले असतील तर त्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करावे लागते, कारण पहिला दाब हमखास रिकामा जातो. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे, ते रंग उखडते. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात काही ब्रेक मारून पाहिल्यावर टाकीची पातळी खूण करून ठेवतात आणि आठवड्याने पुन्हा तपासतात.