मरणाच्या वहीत नसलेले दुखणे : भिगवण १९९६

#थ्रेड

१/ भिगवण म्हटले की आज रोहित पक्षी आठवतात. भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा, हिवाळ्यातील गुलाबी थवे आणि होड्या. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मात्र या गावाची नोंद वेगळ्याच कारणाने झाली आहे. १९९६ साली येथे घरोघर जाऊन एक साधा प्रश्न विचारण्यात आला : कुठे दुखते का?

२/ भिगवण पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात आहे. पाण्यापलीकडे नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा हे तालुके येतात. जिल्हे तीन असले तरी जमीन एकच : ज्वारी, ऊस, अवर्षण आणि अंगमेहनत. या मुलखात गुडघा किंवा पाठ धरणे म्हणजे रोजगार बुडणे.

३/ तरीही हे दुखणे कोणत्याच सरकारी वहीत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई इलाख्यात आरोग्यविषयक वार्षिक अहवाल निघत. त्यांत पटकी, देवी, ताप आणि पुढे प्लेग यांनी झालेले मृत्यू जिल्हावार मांडलेले असत. मरण मोजले जाई. माणसाला जिवंत ठेवून पांगळे करणारा आजार त्या रकान्यांत बसत नसे.

४/ आजार नवा होता असे मात्र नाही. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात ‘आमवात’ या व्याधीसाठी स्वतंत्र अध्याय आहे. मराठी घरांत ‘वात’ या एका शब्दात सांध्यांची झीज, सांध्यांची सूज आणि स्नायूंचे दुखणे असे सारेच सामावले. नाव मिळाले, पण त्यामुळे वेगवेगळे आजार एकमेकांत मिसळून गेले.

५/ रोग्याची वाट न पाहता गावात जाऊन रोग शोधायचा, ही रीत या भागाला अपरिचित नव्हती. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रिया तेथे आरोग्यसेविका झाल्या.

६/ अंगावरचा बधिर चट्टा पाहून कुष्ठरोगाची शंका घेणे त्या शिकल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडने एक गोष्ट सिद्ध केली : रोगाचे पहिले लक्षण ओळखण्यासाठी पदवी लागतेच असे नाही. नेमके काय पाहायचे, हे ठाऊक असावे लागते.

७/ संधिवाताच्या क्षेत्रात याच धर्तीचा विचार जागतिक पातळीवर १९८१ साली पुढे आला. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी ‘कॉपकॉर्ड’ हा कार्यक्रम आखला. महागडी यंत्रे आणि रक्ततपासण्या यांपासून सुरुवात करायची नाही. सुरुवात माणसाच्या तक्रारीपासून करायची.

८/ हा कार्यक्रम भिगवणला आणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी. लष्करी वैद्यकीय सेवेत घडलेल्या या संधिवाततज्ज्ञाने पुढे पुण्यात संधिवाताचे केंद्र उभे केले. पाहणीचे टप्पे तीन होते. प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर विचारपूस करत. दुखणे असलेल्यांची सविस्तर माहिती घेतली जाई. शेवटी तज्ज्ञ डॉक्टर प्रत्यक्ष तपासत.

९/ माहितीपत्रकावर मानवी शरीराची आकृती होती. दुखरी जागा तिच्यावर खूण करून दाखवायची. रोगाचे नाव सांगता न येणाऱ्यालाही आपले दुखणे नोंदवता येईल, अशी ही सोय होती.

१०/ ४०९२ प्रौढांची पाहणी झाली. त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. साधारणपणे दर साडेपाच प्रौढांमागे एक. ज्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, त्या आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. म्हणजे दर दोनशे प्रौढांत एक.

११/ पण याच घराण्यातील काही आजार अशा मोजणीतूनही निसटतात. स्नायूंचा स्वप्रतिरक्षित दाह हा त्यांपैकी एक. यात संरक्षणव्यवस्थेचा रोख सांध्यांऐवजी स्नायूंवर असतो. जर्मन वैद्य हाइनरिख उनफेरिख्ट यांनी १८८७ साली या आजाराचे वर्णन केले. त्वचेवर पुरळ उठणाऱ्या प्रकाराला त्यांनी १८९१ साली ‘डर्मॅटोमायोसायटिस’ हे नाव दिले.

१२/ निदानाचे सुसूत्र निकष येण्यास १९७५ साल उजाडले. बोहान आणि पीटर या अमेरिकी संशोधकांनी पाच कसोट्या मांडल्या : खांदे आणि मांड्यांची वाढती दुर्बलता, रक्तातील स्नायुद्रव्यांची वाढ, स्नायूंच्या विद्युत्‌-आलेखातील बदल, स्नायूच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि त्वचेवरील विशिष्ट पुरळ.

१३/ १९८० च्या दशकापासून रुग्णांच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे ओळखली जाऊ लागली. ‘जो-१’ हे त्यांतील प्रसिद्ध नाव, एका रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले. हे प्रतिपिंड सापडले तर फुफ्फुसेही तपासावी लागतात, कारण दाह तेथवर पोहोचलेला असू शकतो.

१४/ आता भिगवणचा हिशेब पाहावा. स्नायुदाहाचे रुग्ण लाखात मोजके, फार तर तीसेक आढळतात. म्हणजे ४०९२ माणसांत सरासरीने फार तर एखादा रुग्ण सापडणार. एका गावाच्या पाहणीत आकडा शून्य आला, तर आजार मुलखात नाही असा अर्थ होत नाही. जाळे लहान होते, एवढाच त्याचा अर्थ.

१५/ दुसरी अडचण प्रश्नातच दडलेली आहे. ‘दुखते का?’ या प्रश्नाला आमवाताचा रुग्ण होकार देईल. स्नायुदाहात मात्र अनेकदा वेदनेपेक्षा अशक्तपणा ठळक असतो. मांडी घातलेली बाई हाताचा टेका घेतल्याशिवाय उठू शकत नाही. वेणी घालताना हात वर राहत नाहीत. पाण्याचा हंडा डोक्यावर चढत नाही. ती सांगते, दुखत नाही, जोरच उरला नाही.

१६/ कष्टाच्या मुलखात ‘जोर उरला नाही’ हे वाक्य सहज विरून जाते. वय झाले, खाणे कमी पडले, ऊसतोडीचा हंगाम जड गेला, अशी कारणे तयारच असतात. येथे उशीर महाग पडतो. दाह दीर्घकाळ चालू राहिला तर स्नायूंची जागा चरबी आणि तंतू घेतात. मग औषधाने दाह शमला तरी गेलेले बळ पूर्णपणे परतत नाही.

१७/ औषधाचा इतिहासही दुधारी आहे. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० साली या कार्यासाठी नोबेल मिळाले. तेव्हापासून स्टेरॉइडे स्नायुदाहाच्याही उपचारांचा आधार ठरली आहेत. मात्र निदानाआधीच घेतलेले स्टेरॉइड लक्षणे झाकते आणि खरा आजार ओळखणे लांबते.

१८/ भिगवणचे महत्त्व म्हणून केवळ टक्केवारीत नाही. पाहणी संपल्यावर पथक गाव सोडून गेले नाही. रुग्णांची तपासणी आणि आरोग्यशिक्षण पुढेही चालू राहिले. याच पद्धतीने नंतर देशाच्या इतर भागांतही पाहण्या झाल्या. दुर्मिळ आजारासाठी हीच वाट उपयोगी पडते : दारात येणारे ओळखीचे माणूस, त्याने विचारलेला नेमका प्रश्न आणि पुढे तज्ज्ञापर्यंत जाणारा रस्ता.

१९/ इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या दप्तरांतील मौनाची सवय असते. ज्यांची नोंद नाही ते नव्हतेच, असा निष्कर्ष तो काढत नाही. नोंद कोणी केली आणि रकाने कोणी आखले, हे तो आधी विचारतो. भिगवणमध्ये १९९६ साली एक नवा रकाना आखला गेला. ‘कुठे दुखते?’ याच्या शेजारी ‘हात टेकल्यावाचून उठता येते का?’ हा प्रश्न लिहिला गेला, तर त्या वहीत आणखी काही माणसे दिसू लागतील.