खणाचे घर आणि कारखान्याचे घर : हसनाबाद परिसराच्या संदर्भात एक विचार

कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडलेले घर गरिबास परवडेल काय, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्यांचा समजला जातो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे; कारण स्वतंत्र भारताने त्याचे उत्तर एकापेक्षा अधिक वेळा शोधले आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत कोणास तरी मोजावी लागली. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद व त्याभोवतीची खेडी दृष्टीसमोर ठेवून या अनुभवाचे मोल ठरविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ठरावीक मापाचे घटक जोडून घर उभारण्याची कल्पना मराठवाड्यास परकी नाही. येथील जुने माळवदाचे घर खणांनी मोजले जाते. खांबांच्या दोन रांगांमधील अंतर म्हणजे एक खण. त्यावरून घर दोन खणांचे की पाच खणांचे हे सांगितले जाई. खांब, तुळया व कडीपाट सुताराने आधी घडवावे, मग जागेवर बसवावे, वर मातीचा थर द्यावा आणि भोवती काळ्या दगडाच्या भिंती चिखलात रचाव्या, अशी ही रीत होती. कुटुंब वाढले, हातात पैसा आला, की आणखी एक खण जोडता येई. जुने घर उतरविले, तरी त्याचे लाकूड नव्या घरास उपयोगी पडे. घटकरचनेचे तत्त्व येथे संपूर्ण होते. उणा होता तो केवळ कारखाना.

तो कारखाना दिल्लीत निघाला. मराठवाडा निजामी सत्तेतून मुक्त झाला ते १९४८ साल. त्याच सुमारास फाळणीने निर्वासित झालेल्या लक्षावधी लोकांसाठी घरांची निकड केंद्र सरकारपुढे होती. पूर्वी म्हैसूर संस्थानात काम केलेले जर्मन वास्तुतज्ज्ञ ऑटो कोनिग्जबर्गर हे तेव्हा केंद्राचे गृहनिर्माण संचालक होते. वायुमिश्रित हलक्या काँक्रीटचे तक्ते कारखान्यात ओतून घरे झपाट्याने उभी करावीत, अशी ही योजना होती. परंतु तयार झालेले तक्ते पुरेसे मजबूत निघाले नाहीत, खर्चाचा अंदाज कोलमडला, आणि १९५१ मध्ये कोनिग्जबर्गर यांनी भारत सोडला. १९५३ मध्ये कारखान्याची हिंदुस्थान हाऊसिंग फॅक्टरी ही कंपनी झाली, आणि १९७८ मध्ये तिला हिंदुस्थान प्रीफॅब हे नाव मिळाले. संस्था टिकली, तथापि स्वस्त घराचे मूळ स्वप्न मागे पडले.

यावरून पूर्वनिर्मिती मुळातच निरुपयोगी ठरते, असे मात्र नव्हे. महाराष्ट्रात बी. जी. शिर्के यांनी स्वीडनमधील सिपोरेक्स तंत्र पुण्यास आणले, आणि पूर्वनिर्मित घटकांची त्यांची पद्धती सिडकोच्या नव्या मुंबईतील सामुदायिक गृहबांधणीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तेथे एकाच जागी एकाच नमुन्याची हजारो घरे हवी होती; क्रेन होती, रुंद रस्ते होते आणि पैसे देणारी एकच संस्था होती. कारखान्याचा स्थिर खर्च पुष्कळ घरांवर विभागला जातो, तेव्हाच एकेक घर स्वस्त पडते. हसनाबादसारख्या गावात यंदा चार घरे, पुढील वर्षी सहा, तीही निरनिराळ्या मापांची, अशी मागणी असते. बचत जेथून यावयाची तो मार्गच येथे बंद होतो.

उलट पक्षी, जुन्या घराचे केवळ गुणगान करणेही इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीचे ओझे हे त्या मृत्यूंचे मोठे कारण होते. नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. काही ठिकाणी घुमटाकार घरेही उभारली गेली. अशा वक्र भिंतीला फळी ठोकावी कशी आणि शेजारी खोली जोडावी कशी, हा प्रश्न रहिवाशांपुढे उरतो. घर सुरक्षित होते, पण वाढविता येत नव्हते. याच कार्यक्रमात इतरत्र सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मात्र घरमालकांच्या हाती सोपविले गेले. हा दुसरा मार्ग अधिक विचारार्ह आहे.

आता हसनाबादच्या परिस्थितीकडे वळू. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया खोल घ्यावा लागतो किंवा त्याची विशेष रचना करावी लागते. पत्र्याचे वा तक्त्यांचे हलके घर आणले तरी हा खर्च पूर्णपणे टळत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पातळ पत्र्याखाली दुपार काढणे किती कठीण, हे सांगावयास नकोच. याहून महत्त्वाचा मुद्दा पैशाच्या ओघाचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घरास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, आणि ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते. शेतकऱ्याचा स्वतःचा पैसाही सुगीप्रमाणेच येतो. कारखान्यातून येणारे घर मात्र एकदम येते आणि त्याची किंमतही बहुधा एकदम मागितली जाते. ही रक्कम उभी करण्यास कर्ज काढावे लागले, तर स्वस्त घर महाग होते.

तथापि संपूर्ण घर आणि सुटा भाग यांत भेद केला, तर निराळे चित्र दिसते. काँक्रीटच्या दारचौकटी व सिमेंटच्या तयार कुंपणभिंती खेड्यांत केव्हाच रुळल्या आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने छतासाठी फळ्या व कड्यांची जी काँक्रीट पद्धती विकसित केली, तिचे भाग गावात साच्यात ओतता येतात आणि क्रेनवाचून माणसांना चढविता येतात. लागणाऱ्या सळयांसाठीही दूर जाणे नको. जालना हे पोलाद उत्पादनाचे प्रसिद्ध केंद्र आहे. कोपरे व भिंती पट्ट्यांनी बांधून घेतल्या आणि छत हलके ठेवले, तर किल्लारीचा धडाही पाळला जातो.

तात्पर्य, परवडणाऱ्या घराची कसोटी पहिल्या दिवसाच्या किमतीत शोधणे अपुरे आहे. दहा वर्षांनी फुटलेला भाग गावातील गवंड्याला बदलता येईल काय आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी आणखी एक खण जोडता येईल काय, हे दोन प्रश्न अनुदानाच्या कोणत्याही आराखड्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. ज्या पूर्वनिर्मित घराचे उत्तर होकारार्थी असेल, ते हसनाबादेत अवश्य यावे. नकारार्थी असेल, तर ते कितीही स्वस्त दिसले तरी त्याचा उरलेला खर्च त्या घरात राहणाऱ्यांच्याच माथी येईल.