गुलामीचा इतिहास आणि मलिक अंबर
१६१० साली खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवणारे मलिक अंबर लहानपणी बाजारात विकले गेलेले गुलाम होते. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो; गुलामी म्हणजे काय, हे मुलांना सांगायचे मात्र राहून जाते.

गुलामी कुठल्या एका देशाची किंवा धर्माची नव्हती. ग्रीस-रोममध्ये युद्धकैदी विकले जात. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होई. इस्लामने गुलाम मुक्त करणे सवाबचे काम मानले, जकातीचा पैसाही त्यासाठी ठेवला. तरी मुस्लिम राजवटींतले गुलामांचे बाजार बंद झाले नाहीत, हेही आपण कबूल केले पाहिजे.

अंबर यांचा जन्म सुमारे १५४८चा, हबशी मुलखातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. मूळ नाव चापू. अनेक हात बदलून ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आले. दख्खनमध्ये हबशी गुलामांना फौजेत घेत, त्यामुळे वर चढायची वाट होती. मालक वारल्यावर अंबर मुक्त झाले. १६०२ मध्ये आपल्या नांदेडजवळ मोगलांशी लढताना ते जखमी झाले. पुढे १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाहीचा कारभार त्यांच्याच हाती राहिला. त्यांची कबर खुलदाबादला आहे.

पण एक अंबर वजीर झाला म्हणून गुलामी बरी ठरत नाही. त्यांच्यासारख्याच विकल्या गेलेल्या कितीतरी मुलांची नावेसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत. कंपनी सरकारच्या मुलखात १८४३च्या कायद्याने गुलामीची मान्यता गेली. आपले देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तो कायदा इथे लागू नव्हता.