संदीप साळवी

डॉ. संदीप साळवी हे पुणे येथील श्वसनविकारतज्ज्ञ व संशोधक आहेत. धुरामुळे श्वसनमार्गात निर्माण होणारा दाह आणि धूम्रपान न करणाऱ्यांना जडणारा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट फुप्फुसविकार) हे त्यांच्या अभ्यासाचे प्रमुख विषय होत. ते पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संचालक होते. त्यानंतर ते पल्मोकेअर रिसर्च अँड एज्युकेशन (प्युअर) फाउंडेशनचे संचालक झाले.

श्वसनमार्गाचे अस्तर

श्वासनलिकांच्या आतील पेशींचा थर हा शरीर आणि बाहेरील हवा यांमधील तट असतो. त्यावरील चिकट स्रावात धूलिकण अडकतात व केसांसारखे सूक्ष्म तंतू तो स्राव घशाकडे लोटतात. हा थर केवळ अडसर नसून इजा होताच दाहाचे संदेशही पाठवतो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात या अस्तराचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन होल्गेट यांच्या गटात साळवी यांनी संशोधन केले.

डिझेलच्या धुरावरील प्रयोग

या संशोधनात १५ निरोगी स्वयंसेवकांना एकदा शुद्ध हवेत व एकदा डिझेलच्या विरळ धुरात प्रत्येकी एक तास ठेवण्यात आले. सहा तासांनी दुर्बिणीद्वारे त्यांच्या श्वासनलिकांतील नमुने घेतले. श्वसनक्षमतेच्या नेहमीच्या चाचणीत फरक दिसला नाही. मात्र धुरानंतरच्या नमुन्यांत दाहकारक पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. रक्तातही पांढऱ्या पेशी व बिंबाणू वाढले होते. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. या पेशींना बोलावणारी इंटरल्युकिन-८ सारखी प्रथिने खुद्द अस्तरातच वाढतात, असे २००० मधील पुढील निबंधात दाखवण्यात आले. चाचणी निर्दोष असतानाही दाह सुरू झालेला असू शकतो, हे या कामाचे महत्त्व होय.

धूम्रपानाविना सीओपीडी

पीटर बार्न्स यांच्यासह साळवी यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखानुसार, सीओपीडीच्या सुमारे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. लाकूड, गोवऱ्या व पिकांचे अवशेष यांचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, क्षयरोग, जुना दमा आणि बालपणीचे श्वसनसंसर्ग ही कारणे लेखात मांडली आहेत. जगात धूम्रपान करणारे सुमारे १ अब्ज, तर सरपणाच्या धुराशी संबंध येणारे सुमारे ३ अब्ज लोक होते. त्यामुळे चुलीपुढे बसणारी, विडी-सिगारेटला कधी न शिवलेली स्त्रीही या रोगाच्या विचारात केंद्रस्थानी आली.

भारतातील सर्वेक्षणे

२०११ मध्ये देशातील ८८० शहरे व गावांतील सुमारे ७,४०० डॉक्टरांनी एकाच दिवशी २,०४,९१२ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक रुग्णांना श्वसनाच्या तक्रारी होत्या. साळवी यांचा सहभाग असलेल्या २०१८ मधील अहवालानुसार, भारतातील सीओपीडी रुग्णांची संख्या १९९० मधील सुमारे २.८१ कोटींवरून २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर पोहोचली.

दिवाळीतील फटाक्यांच्या धुराचेही चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने मोजमाप केले. तपासलेल्या प्रकारांत सर्वाधिक सूक्ष्म कण आवाज न करणाऱ्या नागगोळीतून बाहेर पडत असल्याचे आढळले.