अनुशेष : तक्रारीचा झालेला हिशेब

शाळेत असताना वर्तमानपत्रात ‘विदर्भाचा अनुशेष’ हे शब्द नेहमी दिसायचे. मला ती नुसती तक्रार वाटे. त्यामागे एका अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब होता, हे इंजिनिअर झाल्यावर कळले.

ते प्रा. वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले संस्थेतले. १९७१ मध्ये नीळकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी देशातले दारिद्र्य मोजले आणि गरिबाला कामाची हमी द्या, असे सुचवले. १९८३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रीत साधी होती : रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे, आणि ती तूट भरायला खर्च किती? १९८४ च्या अहवालात उत्तर आले : सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के.

मात्र मोजणी जिल्हावार होती. जवाहरनगरची आमची क्वार्टर्स आणि फाटकाबाहेरची गावे, दोन्ही एकाच भंडारा जिल्ह्यात. सरासरीत ते फाटक दिसत नाही. आपल्या वर्गात मात्र दोन्हीकडची मुले एकाच बाकावर बसत.

आज कामात सरासरी काढताना मी आधी तो बाक आठवते.